सगळे ज्यू ससून नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला मुंबईच्या ज्यूंवरचा लेख वाचला. ससून डॉक, ससून लायब्ररी, काळा घोड्याचं निळं सिनेगॉग, सगळं अगदी फोटोसकट. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, शेवटच्या परिच्छेदात अर्ध्या ओळीत, तेही ‘इस्रायलहून आलेले काही मराठीभाषक’ म्हणून. दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावं इस्रायलच्या कुठल्या तालुक्यातली, ते लेखकमहाशयांनी कळवावं.

बगदादचे व्यापारी डेव्हिड ससून मुंबईच्या बेटावर आले १८३२च्या सुमारास. त्याआधी छत्तीस वर्षं, १७९६ साली, मांडवीत सामाजी हसाजी दिवेकरांनी प्रार्थनालय बांधलं. कंपनीच्या पलटणीतला माणूस. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटला म्हणून नवस फेडला, असं आमच्यात सांगतात. सामाजी म्हणजेच सॅम्युएल; सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. ‘शाआर हारहमीम’ हे त्या प्रार्थनालयाचं नाव मी आजीच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ती ‘मशिदीत जाऊन येते’ म्हणायची, आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव आमच्या मशिदीवरूनच पडलं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ठासून सांगायची.

पण खरा राग ‘आलेले’ या शब्दाचा. साधारण १९७३ची गोष्ट. वडील मला घेऊन रेशनकार्डाच्या कामाला गेले होते. धर्म? ज्यू. कारकून म्हणाला, “म्हणजे पारशी ना?” नाही, बेने इस्रायल. “मग पासपोर्ट दाखवा.” वडिलांचं बालपण रेवदंड्यात गेलेलं, शुद्ध मराठीत पाऊण तास समजावत राहिले, अलिबागकडचे शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली वगैरे सगळं. शेवटी मागच्या रांगेने आरडाओरडा केला आणि त्या भल्या माणसाने ‘ख्रिश्चन’ लिहून शिक्का मारला. सहा वर्षं आम्ही त्या कार्डावर साखर आणली. घरी मात्र दर शनिवारी चूल बंद आणि नवसाला एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा, पोहे-गूळ-खोबऱ्याचा!

त्याच्या बऱ्याच आधी इस्रायलला गेलेल्या काकांची कथा उलटी. ‘तुम्ही नक्की ज्यूच ना?’ असं तिथले धर्मगुरू लग्नाच्या वेळी विचारत. १९६४मध्ये तिथल्या सरकारला मध्ये पडावं लागलं. इथे म्हणे तिकडचे, तिकडे म्हणे कोण जाणे कुठले. राज्य सरकारने २०१६मध्ये आम्हाला अल्पसंख्याक म्हटलं तेव्हा वडील हयात नव्हते, नाहीतर ते कार्ड घेऊन मंत्रालयात गेले असते.

लेखकाचं इंग्रजी वाचन दांडगं दिसतं, त्याबद्दल अभिनंदन. पुढच्या वेळी भायखळ्याला उतरून एखाद्या म्हाताऱ्याला विचारलं तरी चालेल. चहा मी पाजीन.

आपला,
एक जुना वाचक, माझगाव

ता. क. गणपतीत पाठवलेल्या माझ्या पत्रातला गटाराबद्दलचा मजकूर आपण कापलात आणि आपल्या अंकाची स्तुती तेवढी छापलीत. गटार अजून तुंबलेलंच आहे.