मित्रास पत्र: दऱ्यांचा दर्या झाला

सातारा, रविवार

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार. सात महिने ना पत्र ना फोन, त्याबद्दल आधी दोन शिव्या घाल आणि मग पुढे वाच. इकडे सगळं ठीक. आईची साखर आटोक्यात आहे.

लिहायला बसलो ते एका अक्षरापायी. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "बरं, मग?" म्हणतील. आपल्या अंकांच्या साइटवर ऱ उरलेला नाही. २३७ लेखांत एकही नाही. शेतकऱ्यांचे 'शेतकर्यांचे' झालेत, वऱ्हाडाचं 'वर्हाड', आणि अण्णांच्या घाटवाटांच्या लेखात जिथे "समोर नुसत्या दऱ्या" होतं, तिथे आता "समोर नुसत्या दर्या" आहे. अण्णांनी सह्याद्रीत समुद्र आणून ठेवला असं वाटतं. ते असते तर काय बोलले असते ते तुला माहीत आहे.

पहिला संशय आला कन्व्हर्टरवर, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या जुन्या कृतिदेव फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या आपल्या प्रोग्रामवर. तक्ता ओळीनं तपासला. 'मराठी' म्हणजे कृतिदेवात लहान ई, जे, के, मोठा बी, लहान एच. ते बरोबर उतरतं. 'मूर्ती'तला रफार कृतिदेवात शेवटी, दीर्घ वेलांटीनंतर टाइप होतो; तो वेलांटी आणि त ओलांडून मागे न्यावा लागतो, तेही नीट होतंय. पहिली वेलांटी पुढच्या अख्ख्या जोडाक्षरापलीकडे जातेय. लांब जोड्या आधी आणि सुटी अक्षरं नंतर, हा तुझा क्रमही तसाच आहे. अर्ध्या ऱ्याचं चिन्ह कृतिदेवात वेगळं आहे आणि तक्त्यात त्याच्यापुढे ऱ अधिक हलन्त असंच लिहिलंय. म्हणजे कन्व्हर्टरमधून अक्षर शाबूत बाहेर पडत होतं.

खाल्लं ते त्यानंतरच्या साफसफाईनं. तीन ओळींचं फंक्शन आहे. ज़, फ़ असे हिंदी वळणाचे नुक्ते, म्हणजे अक्षराखालची टिंबं, शोधात आडवी येतात म्हणून मजकूर आधी एनएफडी या युनिकोडच्या रीतीनं सुट्या घटकांत फोडायचा, नुक्ता (युनिकोड क्रमांक ०९३सी) पुसायचा आणि एनएफसी या उलट्या रीतीनं परत जोडायचा. दिसायला निर्मळ काम. पण युनिकोडमध्ये ऱ (०९३१) म्हणजे र (०९३०) अधिक नुक्ता, आणि एनएफडी त्याची तशीच फोड करतं. मग नुक्ता पुसला गेला आणि राहिला साधा र. पुढे हलन्त आणि य आला की फॉन्ट त्याचा रफार करतो. त्याचं काही चुकत नाही, त्याला मिळालं तेच तो दाखवतो.

आता तुझं म्हणणं. "साठवायचा मजकूर वेगळा, शोधायचा वेगळा. झाडू मारायचा तो शोधाच्या प्रतीवर मार, मूळ प्रतीला हात लावू नकोस." यावरून आपण बसस्टँडवर शेवटची गाडी जाईपर्यंत भांडलो होतो, आणि दोन प्रती ठेवायला जागा कुठून आणायची असं मी विचारत होतो. देवनागरी अक्षराला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात हे धरलं तरी सगळे लेख मिळून एका फोटोएवढे भरत नाहीत. तुझंच बरोबर होतं. मात्र शीर्षकांच्या अक्षरांत दोन पिक्सेलचं अंतर टाकून तू शिरोरेषेचे तुकडे केले होतेस, तेही मी विसरलेलो नाही.

फंक्शन दुरुस्त केलंय. ते आता फक्त शोधाच्या प्रतीवर चालतं आणि क, ख, ग, ज, ड, ढ, फ, य या आठ अक्षरांचाच नुक्ता काढतं. शिवाय प्रत्येक फेरीआधी आणि नंतर ०९३१ किती वेळा आलं ते मोजतं. आकडा जुळला नाही तर फाइल लिहीतच नाही. र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (२००डी) अशा पद्धतीनं टाइप केलेला अर्धा ऱ्या दिसायला तसाच असतो, पण शोधात जुळत नाही. म्हणून तोही आधी ०९३१ मध्ये बदलून मगच मोजतो.

प्रश्न आधीच बिघडलेल्या लेखांचा आहे. बरंचसं नियमानं परत येतं. ऱ् येतो तो य आणि ह यांच्याआधी. 'र्ह'चं सोपं आहे: अर्हता, गर्हणीय असे मोजके संस्कृत शब्द वगळले की बाकी सगळे तऱ्हा, गुऱ्हाळ, कऱ्हाड. 'र्य'साठी अपवादांची यादी केली: कार्य, सूर्य, आर्य, धैर्य, शौर्य, मर्यादा, पर्याय, पर्यंत, आश्चर्य, सौंदर्य, अशी साठेक मुळं. ती सोडून उरलेलं सगळं ऱ्य. दुसऱ्या, पायऱ्या, खोऱ्यात, पुढाऱ्यांनी, सगळे घरी आले.

अडलंय ते दोन्हीकडून बरोबर असलेल्या शब्दांपाशी. "आचार्यांना बोलावलं" म्हणजे गुरुजींना की स्वयंपाक्याला? लग्नाच्या वर्णनात दोघेही हजर असतात. अण्णा अर्धं वर्ष कोकणात आणि अर्धं घाटावर, त्यामुळे "दर्या ओलांडून" हे दोन्ही अर्थांनी लागतं. अशा ४१ जागा आहेत. अंदाजानं भरायच्या नाहीत असं ठरवलंय. अण्णांच्या वाक्यात माझा शब्द नको.

मूळ फाइली ज्या सीडीवर होत्या ती आता वाचली जात नाही. छापील अंकांतले दोनच हाती लागले. म्हणून विचारतो: तुझ्या माळ्यावरचा तो जुना सीपीयू आहे ना? भंगारात गेला असेल तर पत्रात लिहू नकोस, फोन कर.

असेल तर तो सुरू करून बघू नकोस. विंडोज उठताना डिस्कवर लिहीत बसतं. डिस्क बाहेर काढ. साडेतीन इंची आयडीई आहे, रुंद चपट्या केबलची. तिला यूएसबीची नुसती वायर पुरत नाही. पाच व्होल्टबरोबर बारा व्होल्टही लागतात, तेव्हा वेगळा अडॅप्टर मिळतो तोच कन्व्हर्टर घे. मागची छोटी जम्परची टोपी 'मास्टर'वर हवी. टकटक आवाज आला तर तिथेच बंद कर आणि डिस्क माझ्याकडे पाठव. आवाज नसेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यूनं आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढ आणि फाइली त्या प्रतीतून शोध. पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रामच्या असल्या तरी चिंता नको, लिब्रेऑफिस ड्रॉ त्या उघडतं.

आणि एक, हे विसरू नकोस. वर्डच्या फाइली नुसत्या कॉपी कर. उघडून, काही टाइप करून सेव्ह करू नकोस. वर्डची आपोआप दुरुस्ती वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करते. कृतिदेवात लहान ई म्हणजे म आणि मोठा ई म्हणजे अर्धा म्, की झालं 'मराठी'चं 'म्राठी'. साध्या अवतरणचिन्हाच्या जागी ती वळणदार चिन्ह टाकते, आणि ते साधं चिन्ह म्हणजे अर्धा श्, तोही गेला. आणखी एक अक्षर असं गमवायची माझी तयारी नाही.

तुझी बदली झाली का रे शेवटी? वहिनींच्या क्लासचं कसं चाललंय? चिनूला दहावीला शुभेच्छा सांग, गणिताच्या पुस्तकांचं पार्सल मंगळवारी टाकतो. काकांना नमस्कार.

त्या ४१ जागांची यादी सोबत जोडली आहे. अण्णांबरोबर तू जास्त हिंडलास, तेव्हा आठवून काही सुटतंय का बघ. बाराव्या नंबरचं वाक्य हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरचं असावं असं मला वाटतं, पण त्यात 'होडी'ही आहे.

तुझा,
बाळ्या