ओटीपी कोणाला सांगायचा?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बँकेची केवायसी आता घरबसल्या मोबाइलवर पूर्ण करता येणार, ही आपल्या कालच्या अंकातील पहिल्या पानावरची बातमी माझ्या पत्नीने मला वाचून दाखवली. ग्राहकांचा वेळ वाचेल, रांगा कमी होतील, ज्येष्ठांची पायपीट थांबेल, हे सगळे बातमीत आहे. परंतु ज्या ग्राहकाला डोळ्यांनी दिसत नाही त्याने ही केवायसी कशी करायची, याविषयी एक वाक्यही नाही. बातमीदाराने हा प्रश्न विचारला आणि उत्तर छापायचे राहून गेले, असे मला वाटत नाही. तो विचारलाच गेला नसावा, म्हणून हे पत्र.

मी अमळनेरचा सेवानिवृत्त शिक्षक आहे. सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. काचबिंदूने नोकरीत असतानाच नजर गेली. उजवा डोळा पुढे काढावा लागला, तिथे आता कृत्रिम डोळा आहे, आणि डाव्याला उजेड-अंधार एवढेच कळते. तरीही मी फोन वापरतो, संगणक वापरतो, आणि हे पत्रही मी स्वतःच टंकले आहे. फोनमधील टॉकबॅक आणि संगणकावरील एनव्हीडीए हे दोन स्क्रीन रीडर पडद्यावर जे लिहिलेले असेल ते मला बोलून दाखवतात. दोन्ही विनामूल्य आहेत. त्यांना एकच गोष्ट लागते: पडद्यावर जे आहे ते मजकुराच्या रूपात असावे आणि प्रत्येक बटनाला, प्रत्येक रकान्याला नाव दिलेले असावे. हे नाव बांधणाऱ्याने दिलेले नसेल, तर कितीही चांगला स्क्रीन रीडर ते कोठून आणणार?

गेल्या श्रावणात माझ्या बँकेचा संदेश आला की, पंधरा दिवसांत केवायसी अद्ययावत न केल्यास खात्यातील व्यवहार थांबवण्यात येतील. माझे निवृत्तिवेतन त्याच खात्यात जमा होते. मी त्याच दिवशी दुपारी जेवण उरकून फोन घेऊन बसलो. पहिल्याच पानावर चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायची होती आणि ती ऐकण्याची सोय नव्हती. शेजारच्या सहावीतल्या मुलीला हाक मारून ती अक्षरे विचारून घेतली. पुढच्या पानावर फोन एकामागून एक नुसते ‘बटन’, ‘बटन’, ‘बटन’ एवढेच म्हणत राहिला. त्यातले पुढे जाण्याचे कोणते, रद्द करण्याचे कोणते आणि माहिती पुसून टाकण्याचे कोणते, हे कळायला मार्ग नव्हता. जन्मतारीख टंकता येत नव्हती, ती दिनदर्शिकेतून निवडायची होती, आणि ती दिनदर्शिका चालू महिन्यावर उघडत होती. एकेक महिना मागे सरकत मी १९६० पर्यंत जायला निघालो. वाटेतच वेळ संपली आणि सगळे पान पहिल्यापासून सुरू झाले. वेळ संपत आल्याची सूचना आधी मिळाली नाही. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे, म्हणजे ती दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीचे, जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत याविषयी साधी तरतूद आहे: वेळ संपण्यापूर्वी वापरणाऱ्याला सावध करावे आणि ती एका साध्या कृतीने वाढवून घेण्यासाठी त्याला किमान २० सेकंद द्यावेत. ही २० सेकंदे मला मिळाली असती, तर ती दुपार वाया गेली नसती.

दुसऱ्या दिवशी मुलीला पुन्हा बोलावून मी चेहऱ्याच्या पायरीपर्यंत पोहोचलो. चेहरा वर्तुळात आणा आणि डोळे मिचकवा, ही सूचना पडद्यावर फक्त लिहून येत होती आणि तीही चित्रात, त्यामुळे ती मला त्या मुलीनेच वाचून सांगितली. वर्तुळ कोठे आहे हे मला दिसत नाही, आणि माझ्या उजव्या पापणीची उघडझाप त्या यंत्रणेला पटत नाही. तीन प्रयत्न फसले आणि चोवीस तासांसाठी मार्ग बंद झाला. तिसऱ्या दिवशीही तेच.

शाखेत गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, आपुलकीने बोलले, आणि मग म्हणाले की, आमच्या संकेतस्थळावर अक्षरे मोठी करण्याची सोय आहे. ज्याला अक्षर दिसतच नाही त्याला मोठ्या अक्षराचा काय उपयोग, हे त्यांच्या लक्षात आले नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण पानाच्या डोक्यावर लहान-मोठा ‘अ’ लावला की दिव्यांगांचे काम झाले, अशीच समजूत सगळीकडे रुजली आहे. यंत्रणा सगळी ऑनलाइन झाल्यामुळे शाखेत काही करता येत नाही, घरातल्या कोणाच्या तरी मदतीने करा किंवा ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रावर जा, असा सल्ला मिळाला. मी केंद्रावर गेलो.

ते दिवस पीकविम्याचे होते. केंद्राबाहेर माणसे उभी होती. चालवणारा मुलगा सज्जन, माझ्या एका विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ. त्याने माझा आधार क्रमांक मोठ्याने विचारला, पॅन क्रमांक मोठ्याने वाचून घेतला, आणि मग रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “गुरुजी, ओटीपी उना का?” मी ओटीपी सांगितला. दुसरा आला, तोही सांगितला. चेहऱ्याच्या पायरीला त्याने माझी हनुवटी धरून मान फिरवली आणि चार-पाच प्रयत्नांनंतर काम झाले. शेवटी खाते उघडून त्याने शिल्लक किती आहे हे आनंदाने मला वाचून दाखवले. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम मी माझ्या मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवलेली होती, आणि तो आकडा घरात पत्नीखेरीज कोणाला माहीत नव्हता. आठ दिवसांच्या आत दोन ओळखीचे गृहस्थ माझ्याकडे उसने पैसे मागायला येऊन गेले.

ओटीपी कोणालाही सांगू नका, असा संदेश बँक मला महिन्यातून कितीदा तरी पाठवते, आणि ओटीपी सांगितल्यावाचून ज्यातून पुढे जाताच येत नाही अशी व्यवस्था तीच बँक माझ्यापुढे ठेवते. उद्या माझ्या खात्यातून पैसे गेले, तर तुम्ही ओटीपी का सांगितला, असे मलाच विचारले जाईल. संपादक महोदय, सुगम्य संकेतस्थळ म्हटले की लोकांना वाटते, हा सोयीचा आणि थोडा दयेचा प्रश्न आहे. माझ्यापुरते म्हणाल, तर दोन तास अधिक लागले तरी माझी तक्रार नाही. माझ्याजवळ वेळ आहे. माझा पैसा, माझी सही, माझे आजारपण यांतले काय कोणाला सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार डोळस माणसाकडे राहतो आणि माझ्याकडून काढून घेतला जातो, ही माझी तक्रार आहे.

कायद्याचे म्हणावे, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात मिळण्याविषयी लिहिलेले आहे, आणि कलम ४६ मध्ये सेवा देणाऱ्यांना, मग ते सरकारी असोत की खासगी, त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिलेली आहे. भारतीय मानक ब्युरोचे सुगम्यतेविषयीचे आयएस १७८०२ हे मानकही तयार आहे. अंध ग्राहकांना धनादेश पुस्तिका, एटीएम आणि इतर सुविधा नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना २००८ मध्येच कळवले होते. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने नेमका केवायसीचाच प्रश्न निकाली काढला. ॲसिड हल्ल्यामुळे ज्यांना पापणी मिटता येत नाही अशा महिला आणि एक अंध वकील यांच्या याचिका होत्या. डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि केवायसीची प्रक्रिया दिव्यांगांना वापरता यावी यासाठी वीस निर्देश दिले. डोळे मिचकावण्याखेरीज दुसरा मार्ग उपलब्ध असावा, हेही त्यांत आले. माझी हनुवटी धरून मान फिरवली गेली, तेव्हा या निकालाला चौथा महिना चालू होता.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तींची संख्या २९ लाख ६३ हजारांच्या वर नोंदवली गेली होती. त्यानंतर जनगणना झाली नाही, आणि दिव्यांगत्वाचे प्रकार मात्र २०१६ च्या कायद्याने २१ केले. अंधांचेच घेऊन बसलो असे वाटू नये म्हणून सांगतो, पारोळ्याचा माझा एक कर्णबधिर विद्यार्थी आहे. त्याच्या कार्डाचा व्यवहार अडला, तेव्हा संकेतस्थळावर मदतीसाठी केवळ दूरध्वनी क्रमांक होता. ज्याला ऐकू येत नाही त्याने त्या क्रमांकाचे काय करावे? त्याच्या आईने फोन केला, तर खातेदारच बोलला पाहिजे, असे उत्तर मिळाले.

हे सगळे दुरुस्त करायला फार मोठा खर्च येतो, असे सांगितले जाते. बटनाला नाव देणे, चित्रासोबत त्याचे वर्णन करणारी ओळ लिहिणे, तारीख टंकण्याची मुभा देणे, मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत निकषांनी सांगितलेला किमान ४.५ : १ इतका फरक ठेवणे, यांत मोठा खर्च कोठे आहे? संकेतस्थळ बांधतानाच ही कामे केली, तर ती त्याच बांधणीत होऊन जातात. खर्च येतो तो सगळे बांधून झाल्यावर फोडतोड करण्याचा. आपल्याकडे घर बांधताना मोरी कोठे काढायची हे जोते घालतानाच ठरवतात, स्लॅब पडल्यावर नव्हे. परीक्षाही सोपी आहे. ज्यांनी संकेतस्थळ बांधले त्यांनी माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकावरच्या टॅबच्या कळीने आपला स्वतःचा अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा; कोठे अडकते ते पाच मिनिटांत कळेल. त्याहून बरे म्हणजे, एखाद्या अंध व्यक्तीला योग्य मोबदला देऊन बोलवावे आणि तिच्याकडून तपासून घ्यावे.

आणखी एक गोष्ट, आणि ती मी माझा विषय म्हणून सांगतो. त्याच केवायसीची मराठी सूचनापत्रिका मी संगणकावर उघडली, तेव्हा एनव्हीडीए इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची रांग वाचू लागला. कारण ती पत्रिका जुन्या फाँटमध्ये टंकलेली होती. त्या फाँटांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असते. डोळ्यांना ‘खाते’ दिसते, संगणकाच्या लेखी मात्र तिथे तीन-चार इंग्रजी अक्षरे असतात. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, त्यालाही आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही अनेक कार्यालयांची मराठी परिपत्रके जुन्या फाँटमध्ये किंवा कागदाचा फोटो काढून प्रसिद्ध होतात. अशा कार्यालयांत इंग्रजी पत्रक मला ऐकता येते आणि मराठी येत नाही. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला याचे किती वाईट वाटते, ते मला नीट सांगता येणार नाही.

हे लिहिताना आपल्या वृत्तपत्राला वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपला ई-पेपर म्हणजे छापील पानांची छायाचित्रे आहेत. माझा स्क्रीन रीडर ते पान उघडतो आणि ‘चित्र’ एवढे म्हणून थांबतो. कालची बातमी म्हणूनच मला पत्नीकडून ऐकावी लागली. पत्नीला मोतीबिंदू आहे आणि दिवाळीनंतर तिची शस्त्रक्रिया आहे, त्या दिवसांत मला वर्तमानपत्र नाही. आपण वर्गणी माझ्याकडून इतरांइतकीच घेता.

आपणांस दोन विनंत्या आहेत. यापुढे एखाद्या घरबसल्या सेवेची बातमी येईल, तेव्हा आपल्या बातमीदारांनी संबंधितांना, हे कोणा अंध माणसाने वापरून पाहिले आहे काय, एवढे विचारावे आणि जे उत्तर मिळेल ते छापावे. आणि हे पत्र प्रसिद्ध करणार असाल, तर ई-पेपरच्या चित्राखेरीज संकेतस्थळावर मजकूर म्हणूनही द्यावे, म्हणजे ते मला माझे मला वाचता येईल.

कळावे,
आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक, अमळनेर, जि. जळगाव
(वर लिहिलेल्या कारणासाठी नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)