स्काऊटचा टॅग हाती आला तर किल्लीला लावू नका, पुढं धाडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा भाचा जर्मनीत नोकरीला आहे, गणपतीला गावी आला तेव्हा एक धातूचा टॅग घेऊन आला. मिलिटरीतल्या लोकांच्या गळ्यात असतो तोच प्रकार, बेळगावात मराठा सेंटरमुळं बहुतेकांनी बघितलेला असेल, त्यावर एक नंबर कोरलेला आणि साखळीला स्काऊटचं तीन पाकळ्यांचं फूल अडकवलेलं. तिकडं जंगलात लपवलेल्या एका डब्यात त्याला तो मिळाला. मालकानं नेटवर लिहून ठेवलंय की ह्याला जगभरातल्या स्काऊट-गाईडना भेटवा, फोटो काढा आणि पुढच्या डब्यात सोडा. आमच्याकडं आलेल्या चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, मस्त आहे, गाडीच्या किल्लीला लाव की. एकानं नाही, दोघा-तिघांनी. म्हणून हे पत्र.

ह्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. पूर्वी अमेरिका साध्या लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम गडबड ठेवायची, जागा शंभर-शंभर मीटर चुकायची, मे २००० च्या सुरुवातीला त्यांनी ती गडबड काढून टाकली आणि लगेच ३ मे ला ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं रानात एक बादली ठेवली, आत थोड्या वस्तू आणि एक वही, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकून दिले, या शोधा म्हणून. तिथून हे जगभर पसरलं. डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं, डबा होता तसा परत ठेवायचा. आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किमतीची दुसरी ठेवायची.

पण टॅगचा नियम वेगळा आहे आणि तोच लोकांना माहीत नसतो. टॅग बदल्यात घ्यायची वस्तू नाही, तो तुमचा होतच नाही. तुम्ही फक्त त्याला पुढच्या डब्यापर्यंत पोचवणारे. एका गावानं वेशीपर्यंत आणलेली पालखी पुढच्या गावानं खांद्यावर घ्यायची, तसंच हे. टॅगवरचा नंबर ह्या खेळाच्या वेबसाईटवर टाकला की त्याचं पान उघडतं, कुठून निघाला, कुठं कुठं गेला, किती किलोमीटर झाले, सगळं नकाशावर दिसतं. आणि एक काळजी घ्या, फोटो टाकताना तो नंबर बोटानं झाका, नाहीतर टॅगला हातसुद्धा न लावलेले लोक सापडला म्हणून नोंदी करत बसतात. मंगळावर उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरसुद्धा असा एक ट्रॅकिंग कोड आहे, २०२१ पासून तिथं आहे!

मला ह्यात स्काऊटिंग दिसतं ते असं. भारत स्काऊट्स अँड गाईड्सचे नऊ नियम आहेत, त्यातला पहिलाच, स्काऊट विश्वसनीय असतो. कॅम्पात आम्ही तो पोरांकडून पाठ करून घेतो, पोरं खड्या आवाजात म्हणतात, पण तो वापरून बघायची संधी किती मिळते सांगा? इथं अनोळखी माणसाची वस्तू तुमच्या हातात आहे, कुणी बघत नाही, पावती नाही, दंड नाही. ती पुढं जाते की खिशात राहते हे फक्त तुमच्यावर. शिवाय नकाशा, दिशा, खुणा ओळखणं, जे स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेलनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर पोरांना घेऊन सुरू केलं, तेच सगळं ह्यात येतं. अमेरिकेत तर स्काऊटना २०१० पासून जिओकॅशिंगचा वेगळा बॅजच आहे.

माझी सूचना अशी की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या शाळांच्या स्काऊट-गाईड युनिटनी मिळून एक तरी टॅग घ्यावा आणि आपल्या स्कार्फच्या तुकड्यासकट जगात सोडावा. टॅगची जोडी येते, एक प्रवासाला जातो आणि दुसरा आपल्याजवळ राहतो, तो शाळेत लावून ठेवता येईल. आता सुरुवात कुठून? आपल्या भागात असे डबे विरळच, पण आपल्या घराघरातलं कोण ना कोण पुण्याला, बेंगळुरूला, दुबईला नाहीतर युरोपात आहेच की, त्यांच्या हाती द्यायचा. कुठं जायचं ते पोरांनी ठरवावं. स्काऊटांच्या मानाच्या जागा पुष्कळ, ब्राऊनसी आहे, लंडनजवळचं गिलवेल पार्क आहे, स्वित्झर्लंडमधलं कांडरस्टेग आहे, आणि केनियातलं न्येरी, जिथं बेडन-पॉवेल यांची समाधी आहे. त्या दगडावर वर्तुळ आणि मधे टिंब कोरलंय, माग काढण्याच्या खेळातली खूण, मी घरी गेलो अशा अर्थाची. आपल्या कॅम्पातली पोरं हीच खूण मातीत काढतात, आणि त्या कॅम्पात कन्नड, मराठी, उर्दू शाळांची पोरं एकाच ओळीत उभी राहून डाव्या हातानं शेकहँड करतात. त्या सगळ्यांचा मिळून एक टॅग गेला तर मला फार आनंद होईल, मनापासून सांगतो.

पुढं कुणाला इथंच डबा ठेवायचा झाला तर मात्र नीट विचार करूनच ठेवा. बेळगावच्या कॅम्प म्हणजे लष्करी भागात, सांबरा विमानतळाच्या बाजूला, रेल्वे स्टेशनवर, गर्दीच्या देवळात अजिबात नको, बेवारस डबा बघून पोलीस धावत येणार आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. भीमगड अभयारण्यातही नको, बारापेडे गुहेतल्या वटवाघळांना तर कुणी त्रासच देऊ नये, ती जात जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. शाळेच्या आवारात किंवा ओळखीच्या शेतमालकाला विचारून बांधाजवळ ठेवा, वर मोठ्या अक्षरात कन्नड आणि मराठीत हा खेळाचा डबा आहे असं लिहा, जमीन खणू नका. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात साधा डबा टिकणार नाही, घट्ट झाकणाचा घ्या, वही प्लास्टिक पिशवीत घाला. खायची वस्तू आत ठेवू नका, मुंग्या आणि उंदीर वहीसकट सगळं खातात.

भाचा परत जायच्या आधी टॅग आमच्या तालुक्यातल्या स्काऊट-गाईडच्या पोरांना दाखवणार आहे, फोटो काढणार आहे आणि मग जाताना सोबत नेऊन तिकडच्या डब्यात सोडणार आहे. जमल्यास हे पत्र शनिवारच्या अंकात छापा, त्या दिवशी बऱ्याच शाळांत पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात.

आपला नम्र,
एक जुना स्काऊट मास्तर, खानापूर