बारावीनंतर काय, हे मुलांना कोण सांगणार?

संपादक महोदय,

बारावीचा रिझल्ट लागला की घरोघरी तोच प्रश्न, आणि आमच्या पेडण्यात तर मोपाचा विमानतळ झाल्यापासून अर्धी पोरं म्हणतात आम्ही रिअल इस्टेट करतो. करा ना, धंदा वाईट नाही. पण माझा भाचा वर्षभर एका एजंटमागे बाईकवरून प्लॉट दाखवत फिरला, कमिशन मिळालं नाही ते नाहीच, कारण लेखी काहीच नव्हतं.

रेरा, म्हणजे घरं-प्लॉटच्या बांधकाम आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१६ चा. रेरात नोंद झालेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा तर एजंटची स्वतःची नोंदणी लागते, नाहीतर दिवसाला १०,००० रुपये दंड होऊ शकतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एक-चौदाचा उतारा (जमीन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा कागद) कसा वाचायचा, जमीन बिगरशेती करायची सनद म्हणजे काय, जमिनीत मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा, कायद्याचं संरक्षण असलेला माणूस) आहे का, कोमुनिदादची (गावच्या जुन्या सामायिक जमीन-संस्थेची) जागा आहे का, आणि आपल्या गोव्यात विक्रीला नवराबायको दोघांच्या सह्या का लागतात, हे शिकल्याशिवाय या धंद्यात पडूच नये असं मला मनापासून वाटतं.

हायर सेकंडरीत करिअर गायडन्स म्हणजे इंजिनिअरिंग आणि नर्सिंगची पत्रकं वाटणं एवढंच असतं. तिथे एक दिवस तरी वकील, सर्व्हेअर, नोंदणी असलेला एजंट यांना बोलवा, मुलांना खरे कागद हातात घेऊन बघू दे.

- एक पालक, पेडणे