गुडघेदुखीवाल्या आईबाबांनाही मूर झेपतो

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मुलांकडे इंग्लंडला येणाऱ्या आईवडलांनी काय काय बघावं यावर रविवारच्या पुरवणीत लेख आला होता तो वाचला. लंडन, बाथ, स्टोनहेंज, लेक डिस्ट्रिक्ट सगळं आलंय, छानच आहे, पण मूरबद्दल जेमतेम एक ओळ, आणि तीसुद्धा हौशी ट्रेकर्सनी जायला हरकत नाही अशा थाटाची. मी शेफिल्डला राहते, त्यामुळे ती ओळ जरा लागलीच म्हणा ना. इथले मूर फक्त ट्रेकर्सचे नाहीत हो, बाबागाडीतलं पोर आणि गुडघ्याचा पट्टा लावलेले आजोबा एकाच वेळी फिरतील असे रस्ते आहेत इथे, फक्त कुठून सुरुवात करायची ते कुणीतरी सांगायला हवं.

आधी मूर म्हणजे काय ते सांगते कारण फोटोत काही कळत नाही. उंचावरचं उघडं रान, झाडं तुरळक, गुडघाभर वाढलेली हेदरची झुडपं, वारा कायम, आणि खाली पीट म्हणजे हजारो वर्षं पुरती न कुजता साचलेल्या झाडपाल्याची काळी माती, जी पाणी धरून ठेवते. माझ्या बाबांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, "अगं, हे तर आपल्याकडचं माळरान, यात बघायचं काय?" आता बाबा कराडचे, पठारं बघतच मोठे झालेत, त्यांचा प्रश्न चूक नव्हता. पण ऑगस्टमध्ये हेदर फुलली की तेच माळरान नजर जाईल तिथपर्यंत जांभळं होतं आणि मग हेच बाबा सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकत सुटतात.

माझ्या मते नव्या माणसाने लाँगशॉपासून सुरुवात करावी. शेफिल्डहून गाडीने साधारण अर्धा तास, पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कमध्ये येतं, सांभाळते नॅशनल ट्रस्ट ही संस्था. गाडी नसेल तर कॅसलटनकडे जाणारी बस फॉक्स हाऊस नावाच्या पबपाशी थांबते. तिथले मुख्य रस्ते रुंद आणि बऱ्यापैकी सपाट आहेत, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. ही जागा पूर्वी ड्यूक ऑफ रटलंडची शिकारीची जहागीर, इथे ग्राउस नावाचे पक्षी मारायला बडे पाहुणे यायचे, आणि ही मंडळी काही चिखलातून चालणारी नव्हेत, म्हणून त्यांच्या बग्ग्यांसाठी हे रस्ते बांधले. आज त्यावरून आमची बाबागाडी जाते. मोठ्या चाकांची असेल तर उत्तम, छोट्या चाकांची जरा खडखडते. शेजारच्या बर्बेज खोऱ्यातही असाच एक रस्ता आहे, वरच्या पुलापासून फॉक्स हाऊसपर्यंत, एका बाजूला खडकांची रांग आणि समोर कार्ल वार्क नावाचा जुना दगडी तटबंदीचा माथा. तो नुसता लांबून बघितला तरी पुरतो, चढलंच पाहिजे असं काही नाही.

हे सगळं फुकटात लोकांच्या हाती आलं असं मात्र नाही. पूर्वी मूरवर सामान्य माणूस दिसला की ड्यूकचे रखवालदार हाकलून द्यायचे. 1927 मध्ये जहागीर विकायला निघाली तेव्हा शेफिल्डच्या लोकांनी वर्गणी जमवून 747 एकर विकत घेतले आणि 1931 मध्ये नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात दिले. या मोहिमेत पुढे होत्या एथेल हेथॉर्नथ्वेट. या बाईंचा नवरा पहिल्या महायुद्धात गेला, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि त्या दुःखात घरच्यांनी त्यांना या रानातून फिरायला नेलं, त्यातूनच त्या सावरल्या आणि पुढचं सगळं आयुष्य हे रान वाचवण्यात घातलं. हे आईला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली की या बाईंचा फोटो कुठे बघायला मिळेल का. दुसरीकडे, 1932 च्या एप्रिलमध्ये पीक डिस्ट्रिक्टमधल्याच किंडर स्काउट नावाच्या उंच पठारावर शेकडो कामगार पोरं बंदी मोडून चढली आणि त्यातले पाचजण तुरुंगात गेले, ती गोष्ट इथे सगळे सांगतात. मला मात्र वर्गणीची गोष्ट जास्त आवडते. आपल्याकडे गणपतीला, देवळाला वर्गणी निघते, नुसतं चालायला मोकळी जागा राहावी म्हणून निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही, कुणी ऐकलं असेल तर जरूर कळवा.

मुलांसाठी म्हणाल तर लाँगशॉच्या मुंग्या! चेष्टा नाही करत. इथे केसाळ वूड अँट नावाच्या मुंग्या पाइनच्या सुया, काड्या गोळा करून ढीग रचतात, काही तर माझ्या लेकीच्या कमरेएवढे, आणि ऊन पडलं की अख्खा ढीग हलत असल्यासारखा दिसतो. जरा लांब बसून बघायचं, कारण चावतात आणि अॅसिडही उडवतात. एकेका मुंगीच्या मागे नजर ठेवली तर ती सरळ जवळच्या झाडाच्या खोडावर चढते, वर त्यांनी मावा किडे जणू पाळलेलेच असतात, त्यांच्याकडून गोड रस घेऊन खाली उतरते, येणारीचं पोट बारीक आणि उतरणारीचं टम्म. 2012 मध्ये यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या हजार मुंग्यांच्या पाठीवर इवलेसे रेडिओ टॅग चिकटवले होते, एका ढिगातून दुसऱ्या ढिगात निरोप आणि खाणं कसं जातं ते बघायला. हे कळल्यावर लेक प्रत्येक मुंगीच्या पाठीवर टॅग शोधत बसली, तिला तिथून उठवायला बिस्किटाचा पुडा फोडावा लागला.

बर्बेज ओढ्याच्या काठी उन्हाळ्यात पोरं पाण्यात खेळतात, तिथे सतरंजी टाकून बसलात तरी दिवस जातो. ओढा पुढे पॅडली गॉर्जमध्ये उतरतो, जुनं ओकचं जंगल, दगडांवर शेवाळ, वाटेत पडलेल्या ओंडक्यांमध्ये लोकांनी ठोकून ठोकून नाणी बसवलीयत. अतिशय सुंदर, पण ही वाट मुळांची आणि दगडांची आहे, बाबागाडी अजिबात नको आणि दुखऱ्या गुडघ्यांनीही उतरू नये. आम्ही काय करतो, निम्मे खाली चालत जातात आणि निम्मे गाडीने ग्राइंडलफर्ड स्टेशनला. तिथे टॉटली बोगद्याचं तोंड दिसतं, साडेपाच किलोमीटरच्या वर लांबीचा बोगदा आहे, आणि रेल्वेत नोकरी केलेले बाबा तिथून हलत नाहीत.

अजून एक गंमत म्हणजे या भागात कड्यांच्या खाली पीठ दळायची शेकडो दगडी जाती पडलीयत. घडवून ठेवलेली पण कुणी नेलीच नाहीत, कारण लोकांना पांढराशुभ्र ब्रेड हवा झाला आणि या दगडाने पीठ करडं यायचं. आता तेच जातं नॅशनल पार्कचं चिन्ह झालंय.

जुलै-ऑगस्टमध्ये बिलबेरी पिकतात, बुटक्या झुडपांवर काळी-निळी फळं, तोडताना करवंदाच्या जाळीत हात घातल्यासारखंच वाटतं फक्त काटे नाहीत, आणि जीभ जांभळी होते तशीच. मे-जूनमध्ये कापसाच्या बोंडासारखं पांढरं गवत डोलताना दिसेल, फोटो काढा पण त्यात पाय टाकू नका, तिथे खाली हमखास दलदल असते, बूट आत राहतो.

काही गोष्टी मात्र लेखात यायलाच हव्या होत्या. एक तर गोचिडी. हेदर आणि ब्रॅकन नावाच्या नेच्यातून चालून आलात की मुलांचे पाय, काखा, मानेमागे नीट बघायचं, इथल्या गोचिडीने लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून फुल पॅन्ट आणि ती मोज्यात खोचलेली, कितीही बावळट दिसलं तरी. कुत्रा असेल तर 1 मार्च ते 31 जुलै मोकळ्या मूरवर छोट्या पट्ट्याला बांधूनच, कारण चंडोल, टिटव्या, कर्ल्यू जमिनीवरच घरटी करतात. आणि आग तर अजिबात नाही, बार्बेक्यू नाही, कणसं भाजायची हौस घरी अंगणात. पीट एकदा पेटला की जमिनीच्या आत धुमसत राहतो, वरून पाणी मारून विझत नाही. 2018 च्या जूनमध्ये मँचेस्टरजवळ सॅडलवर्थ मूर पेटला तेव्हा शेवटी लष्कर बोलवावं लागलं होतं. एवढं सगळं माहीत असूनही दर उन्हाळ्यात कुणीतरी डिस्पोजेबल बार्बेक्यू घेऊन येतंच, आणि त्यात आपलीही माणसं दिसतात, म्हणून स्पष्ट लिहिते.

हवेचा भरवसा धरू नये. घरून निघताना ऊन, वर पोचेपर्यंत धुकं आणि आडवा पाऊस. छत्री वाऱ्यात उलटी होते, तिचा काही उपयोग नाही, टोपीवालं जाकीट आणि थर्मासमध्ये चहा. लाँगशॉला कॅफे आहे, टॉयलेट आहे, आमच्या आईच्या मते कुठलीही जागा फॅमिलीसाठी चांगली की नाही हे तिथेच ठरतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला येणार असाल तर इथे मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धा असतात, 1898 पासूनच्या. लांब उभा राहून माणूस नुसती शिट्टी मारतो आणि कुत्रा चार-पाच मेंढ्या आणून छोट्याशा कुंपणात घालतो. बाबांना क्रिकेटपेक्षा हे आवडलं आणि हे वाक्य माझ्या घरात सहज बोललं जाणारं नाही.

तेव्हा पुरवणीत पुन्हा असा लेख कराल तर मूरला जरा जागा द्या ही विनंती. जागा कमी पडत असेल तर आउटलेट मॉलवरचा अर्धा कॉलम काढलात तरी चालेल, तिथे आपले लोक कुणी न सांगताच जातात.

आपली,
एक वाचक, शेफिल्ड (मूळ कराड)