विषय: प्रीअँपमधला हम आणि तुमचं 'नो फॉल्ट फाउंड'

नमस्कार,

मार्चमध्ये तुमचा विंटेज स्टाइलचा दोन चॅनलचा प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारं मशीन) घेतला, ७४ हजाराला. त्यातल्या घूंऽऽ आवाजाबद्दल, म्हणजे हमबद्दल, तीन फोन झाले, एकदा कुरिअरने पाठवूनही झाला, आता लेखीच देतो म्हणजे निदान कुणीतरी शेवटपर्यंत वाचेल.

आधीच सांगतो, आवाज नीव्ह १०७३ सारखा (ज्याची तुम्ही नक्कल केलीय ते १९७० चं प्रीअँप मॉड्यूल) नाही अशी माझी तक्रार नाहीच. मुंबईला मित्राकडे जुना ओरिजिनल आहे, त्याच्या शेजारी ठेवून बघितला. आधी १ किलोहर्ट्झचा टोन देऊन लेव्हल मॅच केली (हे नाही केलं तर जो जरा मोठा वाजतो तोच भारी वाटतो, आपले कान असेच असतात), मग एकच माईक स्प्लिटरने दोन्हीला दिला आणि मित्राने कुठला कोणता ते न सांगता क्लिप ऐकवल्या. दहातल्या सहा ओळखल्या, म्हणजे छापा-काटा केल्यासारखंच. फक्त गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, खूप चढवला की पखवाजाच्या धुम्यावर (डाव्या, जाड आवाजाच्या बाजूवर) जुना हळूहळू जाड होत जातो आणि तुमचा एकदम फाटतो. या किमतीत तेवढं चालतंय.

पण मी मिरजेचा, माझं निम्मं काम तंबोऱ्या-सतारींचं. तंबोरा मुळात हळू आवाजात वाजतो, डायनॅमिक माईकला गेन ६० डीबीवर न्यावाच लागतो आणि तिथे तुमच्या मशीनमधून घूंऽऽ सुरू होतं. ५० हर्ट्झ, म्हणजे घरच्या विजेचीच फ्रिक्वेन्सी. काळी एकचा सा लावला की हे घूं तीव्र मध्यम आणि पंचमाच्या मधे कुठेतरी बसतं, म्हणजे धड स्वरही नाही. फिल्टरने कापायला जावं तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास, तीही पातळ होते.

तुमच्या माणसाने सांगितलं घरचं अर्थिंग खराब असेल. इलेक्ट्रिशियन आणून तपासलं, ठीक निघालं. मुंबईला तर एकाच बोर्डवर दोन्ही लावलेले, तुमचा घुमतोय, जुना गप्प. शेवटी मित्र म्हणाला, झाकण उघड आणि आतला सप्लायचा ट्रान्सफॉर्मर नुसता फिरवून बघ. केबल तीच, प्लग तोच, आडवा होता तो उभा केला तर हम निम्म्याहून कमी! आता साहेब, ट्रान्सफॉर्मर फिरवल्याने अर्थिंग सुधारतं का? तो सप्लायचा ट्रान्सफॉर्मर माईकच्या इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला चिकटवलाय तुम्ही, त्याचं चुंबकीय फील्ड हा इनपुटवाला पकडतो आणि मग सगळं ६० डीबीने वाढून बाहेर येतं. १९७० च्या त्या मॉड्यूलमध्ये मेन्सचा सप्लाय नव्हताच, २४ व्होल्ट डीसी बाहेरून यायचे. तुम्ही लाल नॉब घेतला, पाच-पाच डीबीच्या स्टेप घेतल्या, तो करडा-निळा रंगसुद्धा घेतला आणि नेमकी ही गोष्ट सोडली. वर जाहिरातीत 'हुबेहूब'.

सर्व्हिस सेंटरने आठ दिवस ठेवून 'नो फॉल्ट फाउंड' लिहून परत पाठवला. रिपोर्टमध्ये टेस्ट गेन किती तर २० डीबी, तोही लाइन इनपुटला. अहो तिथे कसा सापडेल? जाता-येता कुरिअरचे १,८०० माझेच गेले.

तर मला एकतर सप्लाय बाहेर असलेलं मॉडेल बदलून द्या, किंवा पैसे परत करा, कुरिअरच्या खर्चासकट. सोबत दोन फाइली जोडल्यात, एक तो ट्रान्सफॉर्मर आडवा ठेवून, एक उभा ठेवून, दोन्हींत गेन ६० डीबी आणि माईकला कापड गुंडाळलेलं. ऐकताना लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात ५० हर्ट्झ येतच नाही, हेडफोन लावा. फोन दुपारी चारनंतर करा, सकाळी रेकॉर्डिंग असतं (सध्या उधारीच्या प्रीअँपवर).

आपला ग्राहक,
मिरज