आधी पंखा, मग खताची कुंडी

ऐरोली

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

कोपरखैरण्याच्या नव्या घरात बिल ३०० युनिटच्या वर गेलं म्हणून तू सगळं खापर एसीवर फोडलंस. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात आणि चढा दर फक्त त्या टप्प्यावरच्या युनिटांना लागतो. म्हणजे वाचवलेलं युनिट नेहमी महागातलंच.

म्हणून वॅटआधी तास मोज. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज १४ तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १९ युनिट वाचतात. हॉल आणि बेडरूमचेच बदल. पाहुण्यांच्या खोलीतला राहू दे. मात्र भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट बटणाला जोडणी करून घे. तो तसाच राहिला तर पंखा घुमतो, आतला सर्किट बोर्ड उडतो आणि बोल पंख्याला लागतो.

एसी २६ वर ठेवून पंखा हळू सोड. दर अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते. एसीची जाळी पंधरा दिवसांनी धू. सेट-टॉप बॉक्स रिमोटने पूर्ण बंद होत नाही, भिंतीवरचं बटण बंद कर. गिझर एवढा वाईट नाही: १५ लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला अर्धं युनिट पुरतं. दिवसभर चालू ठेवला तर मात्र भुर्दंड.

आता ओल्या कचऱ्याचं खत. २० लिटरच्या दोन बादल्या घे, तळाला आणि बाजूंना पेन्सिलीएवढी भोकं पाड. खाली नारळाच्या शेंड्यांचा बोटभर थर. त्यावर रोजची सालं आणि देठं बारीक चिरून, आणि जेवढा कचरा तेवढाच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा सुका पाला. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक शिंपड. दर तीन दिवसांनी तळापासून ढवळ. मूठभर उचलून दाब: हात ओलसर व्हावा, पाणी गळता कामा नये.

नाकाला वास आला की हवा कमी पडली असं समज. कोकोपीट वाढव, ढवळ. मुंग्या लागल्या तर माल कोरडा पडलाय, थोडं पाणी मार. अळ्या दिसल्या तर घाबरून फेकू नकोस, त्या कचराच खातात; वर सुक्याचा जाड थर दे. आपल्याकडच्या पावसात झाकण लागतंच, नाहीतर आठवड्यात चिखल होतो. मासळीचे काटे आणि तेलकट रस्सा बादलीत नको. भरलेली बादली दोन महिने बाजूला ठेव, तोवर दुसरी वापर. काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं झालं की चाळून घे. चाळणीवर उरलेलं पुढच्या बादलीत विरजण म्हणून टाक.

सुक्यात एकच सांगतो: दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नकोस, चीर देऊन तसाच लटकता ठेव. तो चिमुकला तुकडा भंगारवाल्याच्या हाती कधीच लागत नाही, थेट गटारात जातो. पिशवी विसळून वाळव, मगच सुक्यात टाक.

रेग्युलेटरचं काम करायच्या आधी मेन स्विच बंद कर, आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनय